काचपट्टीमागचा माणूस

खारघरच्या डोंगरपायथ्याशी टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था आहे. तिच्या प्रयोगशाळांच्या इमारतीस ‘खानोलकर शोधिका’ असे नाव आहे. ते ज्यांच्यावरून दिले, त्या पुरुषाची ओळख नवी मुंबईतील किती विद्यार्थ्यांना असेल?

डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १८९५ चा. लंडन विद्यापीठातून १९२३ साली विकृतिविज्ञानातील एम. डी. ही पदवी संपादन केल्यानंतर मुंबईच्या ग्रँट आणि सेठ जी. एस. या दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनी अध्यापन केले. १९४१ मध्ये परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र त्यांच्याच पुढाकाराने उभे राहिले. तीच संस्था पुढे, २००२ मध्ये, खारघरला आली. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९७८ साली त्यांचे निधन झाले.

तथापि खानोलकरांचे मोठेपण पदांत नव्हे, त्यांनी विचारलेल्या प्रश्नांत आहे. रोगट ऊतकाचा तुकडा मेणात बसवावा, त्याचा पातळ काप काढावा, रंग द्यावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली निदान करावे, ही विकृतिविज्ञानाची रूढ रीत. निदान झाले की काम संपले, असे खानोलकरांनी मानले नाही. हा काप ज्याच्या देहातून आला, तो माणूस काय खातो, काय नेसतो, तंबाखू कशी घेतो, याचाही शोध त्यांनी घेतला. सहकारी सूर्याबाई यांच्यासह १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी सवयींशी निगडित असे कर्करोगाचे तीन प्रकार मांडले : कमरेला करकचून बांधलेल्या धोतराच्या काचाने त्वचेला होणारा, चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूला होणारा आणि चुना मळलेली तंबाखू ओठाआड धरणाऱ्यांना होणारा. कुष्ठरोगाच्या प्रारंभावस्थेत मज्जातंतूंत काय घडते, याचाही त्यांनी ऊतकांवरून कसून अभ्यास केला.

आज ऊतक वाचण्याची साधने पार बदलली आहेत. वनस्पतीच्या पानाचा किंवा प्राण्याच्या अवयवाचा पातळ काप पट्टीवर ठेवून त्यावर विशिष्ट रसायनाचा लेप देतात. मग लेसर किरण टाकला की त्या जागेचे रेणू विद्युतभारित होऊन उडतात आणि मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे द्रव्यमान वर्णपटमापक, त्यांच्या वस्तुमानावरून त्यांची ओळख पटवितो. ऊतक कुटून त्याचा अर्क काढावा लागत नाही. कोणता रेणू कोठे आहे, याचा नकाशाच हाती येतो. १९९७ च्या सुमारास पुढे आलेल्या या पद्धतीने कर्करोगाच्या गाठीची सीमाही रेणूंवरून रेखता येते.

परंतु रेणूंचा नकाशा तंबाखूचा बटवा दाखवीत नाही. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. खानोलकरांनी दिलेला इशारा त्या वेळी सदुसष्ट वर्षांचा झाला होता. तरीही भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांत मुखाचा कर्करोग आजही मोडतो. उणीव ज्ञानाची नव्हती, ते घरोघरी आणि शाळाशाळांतून पोचविण्याची होती. सूक्ष्म यंत्रे अवश्य यावीत. पण काचपट्टीवरील कापामागे एक माणूस असतो, हे भान खानोलकरांकडूनच घ्यावे लागेल. त्यांच्या नावाच्या इमारतीवरून रोज जाणाऱ्या शिक्षकाने वर्गात एवढे सांगितले, तरी पुष्कळ होईल.