सुट्टीतील भूक आणि ब्रॅडफर्डचे फ्रेड जॉवेट

चैत्र सरून वैशाख लागला की आमच्या खेड्यांतील शाळांस कुलूप लागते. मास्तर आपापल्या गावी जातात, फळा पुसलेला राहतो, आणि ज्या चुलीवर रोज दुपारी खिचडी शिजत असे ती चूलही महिना-दीड महिना थंड पडते. ज्याच्या घरी कणगी भरलेली आहे त्या मुलास ही सुट्टी आंब्यांची वाटते. परंतु ज्या घरी आईबाप मजुरीची वाट पाहत बसलेले असतात त्या घरच्या मुलाच्या दिवसातून एक जेवण वजा होते, आणि ही वजाबाकी कोणत्याही हजेरीपटावर लिहिली जात नाही. ती वजाबाकी दाखवून देण्यासाठी ज्याने आपल्या आयुष्याची कित्येक वर्षे वेचली, अशा एका विणकराचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. तो दूरच्या देशातला आहे. परंतु त्याची गोष्ट ऐकून झाल्यावर तो तितका दूरचा वाटणार नाही, असा आमचा भरवसा आहे.

फ्रेडरिक विल्यम जॉवेट यांचा जन्म 31 जानेवारी 1864 रोजी इंग्लंडच्या उत्तर भागातील ब्रॅडफर्ड शहरी झाला. हे शहर लोकरीच्या गिरण्यांचे. आईबाप गिरणीतच राबणारे. त्या काळी तेथे एक विलक्षण पद्धत होती. आठ वर्षे पुरी झालेल्या मुलास अर्धा दिवस गिरणीत व अर्धा दिवस शाळेत धाडण्यास कायद्याची मोकळीक होती. फ्रेडही आठव्या वर्षी असाच अर्धवेळ पोर झाला. पहाटेच्या भोंग्यास उठून धोट्यांच्या खडखडाटात उभे राहावयाचे आणि मग पेंगत शाळेच्या बाकावर येऊन बसावयाचे. तेराव्या वर्षी ती अर्धी शाळाही सुटली आणि पूर्ण दिवस गिरणीचा झाला. असा मुलगा शिकला तो रात्रीच्या वर्गांत व स्वतःच्या वाचनाने. हुशारीने व सचोटीने तो पुढे मागांवरचा जॉबर झाला. उपाशी व झोपमोड झालेले मूल धडा कसे ऐकते, हे त्याला कोणत्याही पुस्तकातून शिकावे लागले नाही.

1890 च्या डिसेंबरात शहरातील मॅनिंगहॅम गिरणीच्या मालकांनी मजुरीत मोठी कपात जाहीर केली. हजारो कामकरी बाहेर पडले व एप्रिल 1891 पर्यंत बाहेर राहिले. शहराच्या अधिकाऱ्यांनी त्यांच्या सभांस अडथळा केला, रस्त्यांत लष्कर उभे राहिले, आणि शेवटी संप मोडला. लोक कमी मजुरीवर परत गेले. परंतु त्या पराभवातून ब्रॅडफर्डच्या मजुरांची स्वतंत्र राजकीय संघटना उभी राहिली, आणि 1892 मध्ये जॉवेट नगरसभेचे सभासद निवडून आले.

येथे आमच्या मंडळ्यांस बोचणारी एक गोष्ट सांगणे भाग आहे. त्या वर्षीच्या पार्लमेंटच्या निवडणुकीत शहरातील चॅपलांचे पुष्कळ पाळक व पुढारी गिरणीमालक उमेदवाराच्या बाजूस उभे होते. ते वाईट लोक होते असे आम्ही म्हणत नाही; त्यांच्या दानांवर चॅपले, शाळा व दवाखाने चालत. परंतु त्यांच्याच एका सभेत जॉवेट उठून उभे राहिले आणि कामकऱ्यांच्या चळवळीला तुम्ही असेच पाठमोरे राहिलात तर कामकरी आपली उपासना आपणच मांडतील, असे त्यांनी त्या सभ्य मंडळीस सुनावले. तसे झालेही. ब्रॅडफर्डात मजुरांची स्वतंत्र मंडळी उभी राहिली व तिच्या सभांस गर्दी होऊ लागली. ज्या पुढाऱ्यांनी ऐकून घ्यावयाचे होते त्यांना ती गर्दी पाहून तरी कळले की नाही, हे सांगवत नाही.

नगरसभेत जॉवेट यांनी गलिच्छ वस्त्यांचा, आरोग्याचा व घरांचा प्रश्न हाती घेतला. त्याच सुमारास मार्गारेट मॅकमिलन नावाची एक तेजस्वी बाई शहराच्या स्कूल बोर्डावर निवडून आली होती. शाळेत मुलांची वैद्यकीय तपासणी व्हावी, त्यांस स्नानाची सोय असावी, ह्यासाठी तिने खटपट केली, आणि तपासणीतून जे दिसले त्याने पुष्कळांचे डोळे उघडले. शाळा सक्तीची झाली होती. मुलास बाकावर आणून बसविण्याचा अधिकार सरकारने घेतला होता. परंतु बाकावर आलेले ते मूल न जेवता आलेले असे. मुलाचे शरीर उपाशी ठेवून त्याच्या डोक्यावर कराचा पैसा खर्च करणे हा पैशाचाही नाश व मुलाचाही छळ, हे जॉवेट यांचे म्हणणे. आणि ते त्यांनी वर्षानुवर्षे न रागावता, न थकता मांडले.

शहरात दयाळू माणसांची उणीव नव्हती. 1890 पासून सिंड्रेला क्लब नावाची संस्था गरीब मुलांस जेवू घालीत असे, आणि तिचे काम चांगलेच होते. परंतु वर्गणी जमली तर जेवण, न जमली तर नाही. ज्या वर्षी गिरण्या बंद पडत व भूक वाढे, त्याच वर्षी देणाऱ्यांचे हातही आखडत. जॉवेट यांनी आग्रह धरला की हे काम शहराने आपल्या शिक्षणाच्या कामाचा भाग म्हणून करावे. त्यास विरोध करणाऱ्यांचा मुख्य आक्षेप असा की, मुलांस पोसणे हे बापाचे कर्तव्य. ते शहराने उचलले तर बाप आळशी होईल. हा आक्षेप फेकून देण्यासारखा नव्हता, आणि आजही आमच्या गावांत तो ऐकू येतो. परंतु तो करणाऱ्यांनी बापाची मजुरी किती होती हे क्वचितच विचारले.

1905 साली सरकारने एक मधला मार्ग काढला. भुकेल्या शाळकरी मुलांस गरिबांच्या कायद्याखाली काम करणाऱ्या गार्डियन मंडळाने जेवण द्यावे, आणि बापाने हयगय केली असे दिसल्यास ते कर्जाऊ समजून त्याच्याकडून वसूल करावे. ह्या मंडळाचे नाव काढताच गरीब माणूस घाबरे. त्याची मदत घेतली की माणूस भिकारी म्हणून नोंदला जाई आणि त्याचा मताचा अधिकार जाण्याची भीती असे. पोराच्या एका ताटासाठी बापाने आपले नागरिकत्व गहाण टाकावयाचे, असा तो सौदा होता. पुष्कळ आईबापांनी मुलांस उपाशी राहू दिले, पण नाव दिले नाही. आम्ही त्यांस दोष देऊ शकत नाही.

1900 च्या निवडणुकीत जॉवेट पार्लमेंटसाठी उभे राहिले व अवघ्या 41 मतांनी पडले होते. 1906 मध्ये ते निवडून आले. त्याच वर्षी मजूर पक्षाचे सभासद विल्यम टायसन विल्सन यांनी, जे धंद्याने सुतार होते, शाळेतील जेवणाचा मसुदा पार्लमेंटात आणला. जॉवेट यांनी ब्रॅडफर्डचा अनुभव त्याच्या पाठीशी उभा केला. एका सुताराने व एका विणकराने मिळून इंग्लंडच्या राज्यसभेस मुलांच्या ताटाविषयी बोलावयास लावले. डिसेंबर 1906 मध्ये कायदा झाला. वर्गणी पुरी पडली नाही तर स्थानिक करातून जेवणाचा खर्च करावा, आणि त्यामुळे बापाचा मताचा हक्क जाऊ नये, असे त्यात ठरले. परंतु कायदा सक्तीचा नव्हता, आणि करातून खर्च करावयाची मर्यादा पौंडामागे अर्धी पेनी, म्हणजे चारशेऐंशीवा भाग, एवढीच होती.

आता आम्ही मूळ मुद्द्याकडे येतो. 1907 च्या वसंतात व उन्हाळ्यात ब्रॅडफर्डच्या शाळांचे वैद्यकीय अधिकारी डॉ. राल्फ क्रॉली आणि पाकशिक्षणाच्या प्रमुख मॅरियन कफ यांनी एक प्रयोग केला. हा जॉवेट यांचा प्रयोग नव्हे, हे सांगितले पाहिजे. पण ज्या शहरात त्यांनी पंधरा वर्षे जमीन नांगरली होती त्याच शहरात तो रुजला. गरीब वस्तीतील चाळीस मुले निवडली. त्यांस शाळेच्या दिवशी सकाळची न्याहारी व दुपारचे जेवण द्यावयाचे ठरले. न्याहारीस ओटची लापशी, दूध व काकवी, आणि पाव. लापशी पाहून पहिल्या दिवशी काही मुलांनी तोंड फिरविले. घरी त्यांस चहा व पाव ह्यांचीच सवय होती. थोड्याच दिवसांत सर्व मुले ती आवडीने खाऊ लागली. मेजांवर स्वच्छ कापड घातले होते, फुलेही ठेविली होती, आणि वाढण्याचे काम मोठ्या मुलींकडे होते. मुलांचे कपडे इतके मळके असत की आठवड्याअखेर ते मेजावरचे कापड काळे होई. तरीही कापड घालणे त्यांनी सोडले नाही. आम्हांस हा तपशील फार मोलाचा वाटतो. गोणपाटावर बसवून दिलेले अन्न पोट भरते हे खरे. पण स्वच्छ मेजावर दिलेले अन्न मुलाला हेही सांगते की तू पाहुणा आहेस.

मुलांचे वजन वेळोवेळी करण्यात आले, आणि जेवण न मिळणाऱ्या दुसऱ्या मुलांच्या वजनाशी ते ताडून पाहिले. जेवणारी मुले कितीतरी अधिक भरली, हे अपेक्षितच होते. परंतु वजनाच्या रेषेने दुसरीही एक गोष्ट दाखविली. मध्यंतरी पेंटेकॉस्टच्या सणाची सुट्टी आली. शाळा मिटली, जेवण थांबले, आणि वर चाललेली रेषा खाली वळली. शाळा उघडली, ती पुन्हा वर गेली. मग उन्हाळ्याची मोठी सुट्टी आली, आणि कमावलेले वजन मुलांनी पुन्हा गमावले. ज्या दिवसांस आपण आनंदाचे म्हणतो ते ह्या मुलांच्या अंगावरून मांस उतरविणारे दिवस होते. आजपर्यंत बोलणाऱ्यांच्या तोंडी ती एक तक्रार होती. आता ती तराजूने सांगितली.

त्याच वर्षी ऑक्टोबरात ग्रीन लेन शाळेत शहराचे मध्यवर्ती स्वयंपाकघर उघडले आणि तेथून निरनिराळ्या ठिकाणी गरम अन्न जाऊ लागले. परंतु सुट्टीचा प्रश्न तसाच राहिला. कायदा शाळेत हजर असलेल्या मुलापुरता बोलत होता. शाळा बंद असताना कराचा पैसा जेवणावर खर्च करणे हे हिशेबनिसांच्या दृष्टीने बेकायदा. सुट्टीत जेवण द्यावयाचे तर पुन्हा वर्गणीची झोळी. शनिवारी व रविवारी मूल मूल नसते काय, हा प्रश्न कोणत्याही भोळ्या माणसास सुचेल. कायद्यास तो सुचण्यास आठ वर्षे लागली. मजूर पक्षाच्या सभासदांनी दुरुस्तीची मागणी पुन्हा पुन्हा केली आणि ती पुन्हा पुन्हा मागे पडली. अखेर ऑगस्ट 1914 मध्ये महायुद्ध पेटले. बेकारी व उपासमार माजेल ह्या भीतीने पार्लमेंटने काही दिवसांत ती दुरुस्ती मंजूर केली. शाळा नसलेल्या दिवशीही जेवण देण्याची परवानगी मिळाली व अर्ध्या पेनीची मर्यादा उठली. जी गोष्ट चाळीस मुलांच्या उतरलेल्या वजनाने झाली नाही ती तोफांच्या आवाजाने झाली. जॉवेट त्या युद्धाच्या विरुद्ध होते, म्हणून ह्या विजयाचा आनंद त्यांस कितपत झाला असेल, हे वाचकांनीच ताडावे.

आमच्या देशातही ही वाट अशीच वाकडी झाली. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्न देण्याचा हुकूम केला. परंतु दुष्काळी भागात सर्वांत कठीण महिने एप्रिल व मे, आणि नेमकी तेव्हाच शाळा बंद. म्हणून 20 एप्रिल 2004 रोजी त्याच न्यायालयास, दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही मुलांस जेवण द्यावे, असे वेगळे सांगावे लागले. 2016 च्या दुष्काळात महाराष्ट्रासह अनेक राज्यांविषयी हाच प्रश्न पुन्हा न्यायालयापुढे गेला. त्या मे महिन्यात पुन्हा तोच हुकूम निघाला, आणि तो निघाला तेव्हा आमच्याकडील शाळा मिटून गेलेल्या होत्या. गावात राहणाऱ्या उपदेशक बंधूंस हे सांगून ठेवणे बरे, की असे हुकूम आहेत. दुष्काळ जाहीर झालेल्या वर्षी शाळेच्या चुलीची चौकशी करणे हा भीक मागण्याचा प्रकार नव्हे.

जॉवेट यांचे पुढील आयुष्य थोडक्यात सांगतो. युद्धविरोधामुळे 1918 मध्ये त्यांची जागा गेली. 1922 मध्ये ते पुन्हा निवडून आले. 1924 साली मजूर पक्षाचे पहिले मंत्रिमंडळ आले, त्यात ते सरकारी इमारती व बागा ह्यांचे मंत्री झाले. आठव्या वर्षी गिरणीत गेलेल्या पोराकडे राजवाड्यांची देखरेख आली! ते मंत्रिमंडळ वर्षभरही टिकले नाही. पुढे मजूर पक्षाशी त्यांच्या गटाचे बिनसले, आणि 1931 नंतर ते पार्लमेंटात पुन्हा गेले नाहीत. राहिले मात्र ब्रॅडफर्डातच, आपल्या माणसांत. 1 फेब्रुवारी 1944 रोजी, ऐंशी वर्षे पुरी झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्यांचा अंत झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टात झालेल्या शिक्षणाच्या कायद्याने शाळेत जेवणाची सोय करणे हे स्थानिक अधिकाऱ्यांच्या मर्जीवर न ठेवता त्यांचे कर्तव्य ठरविले.

ते कर्तव्य पुढे 1980 मध्ये पुष्कळ ढिले करण्यात आले. 2020 च्या उन्हाळ्यात, महामारीच्या वर्षी, इंग्लंडच्या सरकारने गरीब मुलांस मिळणारी जेवणाची मदत शाळेच्या दिवसांपुरतीच ठेवावयाचे ठरविले होते. तेव्हा मँचेस्टरचा एक तरुण फुटबॉल खेळाडू, मार्कस रॅशफर्ड, जो लहानपणी स्वतः शाळेच्या फुकट जेवणावर वाढला होता, त्याने पार्लमेंटच्या सभासदांस जाहीर पत्र लिहिले. एका दिवसात सरकारने माघार घेतली, आणि त्या सहा आठवड्यांच्या सुट्टीत सुमारे तेरा लाख मुलांच्या अन्नाची तरतूद झाली.