शिक्षिकांची शिक्षिका : ताराबाई मोडक



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी बालवाडीचा वृत्तान्त लिहून द्या, असे चिटणीसताईंनी सांगितले. लिहायला बसले आणि एका गोष्टीची मनाला टोचणी लागली. एकवीस वर्षे मी आपली बालवाडी चालवली, पण माझ्यामागे ती कोण चालवील, याचा विचार गेल्या वर्षी गुडघे जायबंदी होईपर्यंत एकदाही केला नाही. अंथरुणावर पडल्या पडल्या ताराबाई मोडकांविषयी पुन्हा वाचले आणि माझी चूक मला कळली. म्हणून वृत्तान्ताऐवजी ताराबाईंचीच ओळख करून देते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजातील सुधारक. मुलींनी शिकावे हे त्या घरात कुणाला पटवून द्यावे लागत नव्हते. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पण तो संसार टिकला नाही आणि १९२१ साली त्या विभक्त झाल्या. त्या काळात हे पाऊल उचलणे किती कठीण होते, ते आपण बायकांना निराळे सांगायला नको. पुढे राजकोटच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्य झाल्या. मानाची, पगाराची जागा होती. स्वस्थ बसायचे असते तर आयुष्यभर पुरली असती.

पण भावनगरला गिजुभाई बधेका लहान मुलांसाठी नवा प्रयोग करीत होते, तो त्यांना खुणावत होता. १९२३ साली हातातली जागा सोडून त्या तिकडे गेल्या. मॅडम माँटेसरींची पद्धत आपल्या मुलांना, आपल्या खिशाला आणि आपल्या रीतिभातीला मानवेल अशी कशी करावी, याचा दोघांनी ध्यास घेतला. मारायचे नाही, धाक घालायचा नाही, बक्षिसाची लालूचही दाखवायची नाही. मात्र मुलांची शाळा काढून भागत नाही, ती चालवणारे हात आधी तयार करावे लागतात, हे दोघांनी ओळखले होते. म्हणून बालमंदिराच्या जोडीला अध्यापन मंदिर आले. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ साली दादरला शिशुविहार उभे राहिले, तेथेही बालशिक्षणाबरोबर शिक्षिका तयार करण्याचे काम चालले.

ताराबाईंचे खरे मोठेपण मला दिसते ते यापुढे. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, दादरचे बस्तान सोडून त्या डहाणू तालुक्यातील बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. बालवाडी निघाली, पण ज्याला तेव्हा हरिजनवाडा म्हणत, तेथील मुले काही येईनात. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही, आईबापांनाही दिला नाही. बालवाडीच उचलून त्या वस्तीत नेली. कुणाच्या तरी अंगणात मुलांना न्हाऊमाखू घालायचे, केस विंचरायचे, नखे कापायची, गाणी म्हणायची, गोष्टी सांगायच्या. अंगणात भरते ती अंगणवाडी! १९७५ साली सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि तोच शब्द देशभर गेला.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींत आले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळा कुरणावर गेली. शिंपले, खडे, बिया, पाने, माती हेच तेथले शिक्षणसाहित्य. महाग पेट्या कुठून आणणार आणि मोडल्या तर कोण दुरुस्त करणार? अशा शाळेत नुसती पदवीधर बाई उपयोगाची नाही. मुलांची बोली समजून घेणारी, शेंबूड पुसताना नाक न मुरडणारी आणि शिकवण्याआधी मुलाकडे नीट पाहणारी बाई हवी. अशी बाई पुस्तकावरून घडत नाही. जाणत्या बाईच्या शेजारी बसून, चुकत चुकत घडते. ताराबाईंनी तशा बालसेविका घडवल्या. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. पण कोसबाडचे काम थांबले नाही. अनुताईंनी ते स्वतःच्या अखेरपर्यंत, म्हणजे १९९२ पर्यंत सांभाळले आणि वाढवले. हेच मला सर्वांत मोलाचे वाटते. आपल्यावाचून काम चालावे अशी तजवीज ज्या बाईने करून ठेवली, तिने ते काम खरे केले.

आता माझी कबुली. चार वर्षांपूर्वी मदतीला आलेली एक मुलगी मणी ओवायला शिकवताना फार वेळ लावी. एकदा मी तिच्या हातातली दोरी ओढून घेतली आणि मुलांदेखत स्वतःच ओवून दाखवले. मणी भराभर ओवले गेले, पण ती मुलगी पुन्हा आली नाही. त्या दिवशी मला वाटले, मी किती कुशल! आज वाटते, मी एक शिक्षिका घालवली.

येत्या जूनपासून बालवाडी बंद करावी का, असा प्रश्न कार्यकारिणीपुढे आहे. माझी हात जोडून विनंती आहे : बंद करू नये. आपल्या आळीतील दोन मुली दिवाळीपासून माझ्या शेजारी येऊन बसत आहेत. त्यांच्या प्रशिक्षणाचा वर्षाचा खर्च मंडळाने उचलावा. मी खुर्चीवर बसून राहीन, त्या चुकल्या तरी दोरीला हात लावणार नाही. तेवढे मी ताराबाईंकडून, उशिरा का होईना, शिकले आहे.