लोकमान्यांची दोन पत्रे

गणपती बसले की टिळकांचे नाव निघतेच. आम्हा भेस्तानच्या मराठी मंडळींना मात्र ते आणखी एका कारणाने जवळचे वाटतात. डिसेंबर १९०७ मध्ये काँग्रेस फुटली ती आपल्या सुरतेत, आणि मुंबईहून येणारी रेल्वे तेव्हाही भेस्तानवरूनच सुरतेला जात होती.

२३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत जन्मलेल्या बाळ गंगाधर टिळकांनी चिपळूणकर, आगरकर यांच्या साथीने जानेवारी १८८१ मध्ये पुण्यात मराठी ‘केसरी’ आणि इंग्रजी ‘मराठा’ सुरू केले. एक पत्र आपल्या माणसांशी बोले, दुसरे सरकारशी आणि बाहेरच्या जगाशी. पण सरकारचे डोळे केसरीवरच असत. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी कायद्यातील ‘डिसअफेक्शन’ या शब्दाचा अर्थ प्रेमाचा अभाव असा लावला. म्हणजे सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा! टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली.

सुरतेला २७ डिसेंबरला टिळक बोलायला व्यासपीठावर गेले, त्यांना परवानगी नाकारली गेली. खुर्च्या उडाल्या, एक दक्षिणी जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता यांना लागला. दोन्ही गटांनी आपापली हकीकत छापली, आणि दोष अर्थातच समोरच्याचा. टिळकांचा गट स्वतःला राष्ट्रीय पक्ष म्हणवी. इंग्रजी पत्रांत ते ‘एक्स्ट्रिमिस्ट’ झाले, आपल्याकडे जहाल. आम्हाला वाटते, वाचकाचे मत बनायला ते एक नावच पुरेसे होते.

पुढच्या वर्षी मुझफ्फरपूरला बाँब पडला. अँग्लो-इंडियन पत्रांनी देशी पत्रांवर ठपका ठेवला. केसरीने बाँबचा निषेध केला, पण त्याचे मूळ सरकारच्या दडपशाहीत आहे असे लिहिले. पुन्हा राजद्रोहाचा खटला. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. लेख मराठी, खटला भाषांतरांवर. टिळकांनी स्वतः एकवीस तासांहून अधिक काळ बाजू मांडली, एकेका शब्दाचे भाषांतर कसे चुकले ते दाखवले. सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले. सहा वर्षे मंडाले.

ते तुरुंगात असतानाच, १९१० मध्ये, लंडनच्या ‘टाइम्स’चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनी पुस्तकात त्यांच्यावर भारतीय असंतोषाचे जनक असा शिक्का मारला. त्या पुस्तकातील मजकुराबद्दल टिळकांनी लंडनच्या कोर्टात अब्रुनुकसानीचा दावा लढवला, १९१९ मध्ये हरले, खर्चही भारी पडला. १ ऑगस्ट १९२० रोजी ते मुंबईत वारले. चिरोलने आरोप म्हणून लिहिलेले ते नाव आपली मुले आज टिळक पुण्यतिथीच्या भाषणात छाती फुगवून म्हणतात.