हरिभाऊ आपटे आणि यमूची कहाणी

दिल्लीच्या कोपर्निकस मार्गावर जुने महाराष्ट्र सदन आहे. त्याच मार्गावर, मंडी हाऊसच्या चौकाजवळ, रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६१ साली, उभे राहिलेले रवींद्र भवन आहे. साहित्य अकादमीचे कार्यालय तेथेच आहे. राजधानीतील मराठी कुटुंबांच्या परिचयाच्या या दोन्ही वास्तूंशी नाते सांगू शकेल असे एक नाव मराठी साहित्यात आहे. रवींद्रनाथांची ‘गीतांजली’ मराठीत आणणारे हे लेखक म्हणजे हरि नारायण आपटे. परंतु त्यांचे खरे ऋण त्या अनुवादापेक्षा त्यांच्या एका कादंबरीचे आहे. शाळा सोडण्यापूर्वी प्रत्येक मराठी विद्यार्थ्याने एकच कादंबरी वाचावयाची असेल, तर ती ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही असावी.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. बालपण मुंबईत गेले आणि १८७८ च्या सुमारास कुटुंब पुण्यास आले. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि आगरकर हे त्यांचे गुरुजन होते. १८८२ साली चिपळूणकरांचे निधन झाले तेव्हा या अठरा वर्षांच्या शिष्याने ‘शिष्यजनविलाप’ हे शोककाव्य लिहिले. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे केलेले मराठी रूपांतर प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यावर विस्तृत टीकालेख लिहिण्याचे धाडसही त्यांनी विद्यार्थिदशेतच केले. इतका वाचनव्यासंग असूनही गणिताने त्यांची वाट अडविली आणि पदवी त्यांना कधीच मिळाली नाही. चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी स्थापन केलेल्या आनंदाश्रम या संस्थेचा कारभार पुढे त्यांनी सांभाळला. संस्कृत ग्रंथांच्या प्रकाशनाची ती जबाबदारी त्यांनी अखेरपर्यंत निष्ठेने वाहिली.

१८९० च्या ऑक्टोबरात, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले. पुण्यात तेव्हा वादांचे वादळ उठले होते. ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ एकमेकांवर तुटून पडत होते, संमतिवयाच्या विधेयकाने घराघरांत तट पाडले होते, आणि पंडिता रमाबाईंचे शारदा सदन त्याच वर्षी मुंबईहून पुण्यास आले होते. अशा वेळी हरिभाऊंनी आपल्या पत्राला सौम्य नाव दिले. त्यामागे एक विचार होता. ज्या घरात सुधारणेचा अग्रलेख वाचला जाणार नाही, त्या घरातही गोष्ट वाचली जाईल, आणि ती स्त्रियांच्या हाती पडेल, हे त्यांनी ओळखले होते.

‘पण लक्षात कोण घेतो?’ याच साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. मध्यमवर्गीय ब्राह्मण घरातील यमू स्वतःची कहाणी स्वतःच सांगते. भावाबरोबरचे खेळ, आईचा मृत्यू, अजाणत्या वयातील लग्न, सासरचा धाक, आणि मग मुंबईत पतीच्या सहवासात लिहिण्या-वाचण्यात गेलेले थोडेसे सुखाचे दिवस. पतीच्या निधनानंतर ते सुख संपते आणि तिच्या इच्छेविरुद्ध तिचे केशवपन केले जाते. लेखक मध्ये येऊन प्रवचन करीत नाही. यमूही फारशी तक्रार करीत नाही. जे दिसले, जे सोसले, ते सांगत जाते. तिच्या सोशिकपणामुळेच वाचकाला अधिक यातना होतात.

या कादंबरीत क्रूर माणसे आहेत, पण अन्याय केवळ त्यांच्या हातून होत नाही. प्रेमळ वडीलधारी माणसे रूढीपुढे गप्प बसतात, म्हणून तो घडू शकतो. शीर्षकातील प्रश्न त्यांना उद्देशून आहे. मुलीला काय वाटते, हे त्या घरात तिला कोणीही विचारलेले नाही. १८९१ च्या कायद्याने संमतीचे वय दहावरून बारा झाले. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी शारदा सदनातील विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी पुनर्विवाह केला. कायदा आणि आचरण यांची पावले अशी हळूहळू पडत असताना, हरिभाऊंनी वाचकाला यमूच्या शेजारी नेऊन बसविले.

पुढे त्यांनी ‘मी’, ‘उषःकाल’, ‘गड आला पण सिंह गेला’, ‘वज्राघात’ अशा सामाजिक व ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या. दुष्काळाने गांजलेल्या माणसांची ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही त्यांची कथा मराठी लघुकथेतील मानाची समजली जाते. पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले आणि १९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ३ मार्च १९१९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आज केशवपनाची रूढी उरलेली नाही; तरीही यमूची कहाणी जुनी झालेली नाही. ती वाचणारा विद्यार्थी साधारण त्याच वयाचा असतो, ज्या वयात यमूचे आयुष्य इतरांनी ठरवून टाकले होते. आपल्याच घरात कोणाचे बोलणे ऐकले जात नाही, हे पाहण्याची दृष्टी त्या वयात आली तर ती जन्मभर टिकते. आणि पालकांनी ही कादंबरी मुलांच्या हाती देण्यापूर्वी स्वतः एकदा वाचावी, कारण शीर्षकातील प्रश्नाचे उत्तर मुलांच्या आधी त्यांनी द्यावयाचे आहे.