पासपोर्ट जप्त झाला, मग पॉल रॉबसन टेलिफोनवरून गायला

५ ऑक्टोबर १९५७. ब्रिटनच्या वेल्समधलं पोर्थकॉल हे समुद्रकाठचं गाव. खाण कामगारांचा गाण्याचा महोत्सव भरलाय, सभागृहात पाचेक हजार माणसं बसलीत. पण मुख्य गायक तिथे नाहीच. तो अटलांटिक महासागराच्या पलीकडे, न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओत बसलाय. महासागराच्या तळाशी वर्षभरापूर्वी टाकलेल्या टेलिफोन केबलमधून त्याचा खर्जातला आवाज आला आणि स्पीकरवरून सभागृहभर घुमला. वेल्सच्या गायकांनी त्याच केबलवरून त्याला आपली गाणी ऐकवली.

आता तुम्ही म्हणाल, विमानाचं तिकीट का नाही काढलं? कारण अमेरिकेच्या सरकारने त्याचा पासपोर्ट सात वर्षांपूर्वीच रद्द केला होता.

हा गायक म्हणजे पॉल रॉबसन.

जन्म ९ एप्रिल १८९८, न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनमध्ये. वडील गुलामगिरीत जन्मलेले. पंधराव्या वर्षी मळ्यातून पळाले आणि पुढे चर्चमध्ये धर्मोपदेशक झाले. पॉल रटगर्स कॉलेजात शिकला, तिथे फुटबॉलचा स्टार झाला, मग कोलंबिया विद्यापीठातून वकील. एका लॉ फर्ममध्ये नोकरीही लागली, पण तिथल्या गोऱ्या स्टेनोग्राफर बाईने काळ्या माणसाचं डिक्टेशन घ्यायला नकार दिला. रॉबसनने वकिली सोडली आणि नाटकाचं स्टेज गाठलं.

१९२८ मध्ये लंडनला ‘शो बोट’ या संगीत नाटकात त्याने ‘ओल्ड मॅन रिव्हर’ गायलं आणि तो जगभर पोहोचला. त्याच काळात एकदा लंडनच्या रस्त्यात त्याला वेल्सचे बेकार खाण कामगार गात मोर्चाने जाताना दिसले. गडी थेट त्यांच्यात सामील झाला. पोर्थकॉलच्या फोनची मुळं इथे आहेत. १९३८ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात मेलेल्या वेल्सच्या ३३ जणांच्या स्मरणसभेतही तो जाऊन गायला.

त्याच वर्षांत तो भाषा शिकत सुटला होता. लंडनमध्ये आफ्रिकन भाषांचा अभ्यास केला, मग रशियन, चिनी, यिद्दिश, स्पॅनिश. चिनी संगीतकार लिऊ लियांगमो यांच्याकडून त्याने चिनी गाणी उचलली. त्यातलं एक त्याने १९४१ मध्ये रेकॉर्ड केलं. तेच १९४९ मध्ये चीनचं राष्ट्रगीत झालं. देशोदेशीच्या लोकसंगीताचा पाया एकच, असं त्याचं ठाम मत होतं.

‘ओल्ड मॅन रिव्हर’चंही त्याने काय केलं बघा. मूळ गाणं थकलेल्या, हार मानलेल्या माणसाचं. रॉबसनने १९३० च्या दशकात मैफिलींमधून त्याचे शब्द बदलायला सुरुवात केली आणि ते लढणाऱ्या माणसाचं करून टाकलं.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत हे सगळं चाललं. १९४३ मध्ये ब्रॉडवेवर त्याचा ‘ऑथेल्लो’ आला आणि त्याचे २९६ प्रयोग झाले. मग शीतयुद्ध सुरू झालं आणि सोव्हिएत रशियाचं उघड कौतुक करणारा काळा सुपरस्टार अमेरिकेला खुपायला लागला.

एप्रिल १९४९ मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेत तो बोलला. त्याचं भाषण वृत्तसंस्थेने मोडतोड करून छापलं, असं पुढे अभ्यासकांनी दाखवून दिलं. पण तोवर वणवा पेटला होता. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कजवळ पीकस्किलला जमावाने त्याची मैफल उधळली. आठवड्याभराने तो पुन्हा तिथेच गायला, हजारो लोक आले आणि घरी परतताना त्यांच्या गाड्यांवर दगड पडले. शंभराहून जास्त लोक जखमी झाले.

१९५० मध्ये पासपोर्ट गेला. देशात हॉल मिळेनात, रेडिओ बंद. वर्षाला लाखभर डॉलरची कमाई काही हजारांवर आली. कॅनडाला जायला पासपोर्ट लागत नव्हता, तरी त्याला सीमेवर अडवलं. मग १८ मे १९५२ ला त्याने सीमेवरच्या पीस आर्चपाशी, अमेरिकेच्याच हद्दीत ट्रक उभा केला आणि त्यावरून पलीकडच्या हजारो कॅनडावासीयांसाठी गायला!

इथे गोष्ट संपली असती तर रॉबसन निव्वळ हिरो ठरला असता. पण जून १९४९ चं मॉस्को विसरता येत नाही. तिथे त्याने आपला मित्र, ज्यू कवी इत्झिक फेफर याला भेटायची मागणी केली. फेफर तेव्हा तुरुंगात होता. त्याला हॉटेलवर आणलं गेलं. खोलीत चोरून ऐकलं जातंय म्हणून फेफरने खुणा करून खरी परिस्थिती सांगितली, असं रॉबसनच्या मुलाने नंतर लिहिलं. रॉबसनने मॉस्कोच्या मैफलीत वॉर्साच्या ज्यूंच्या उठावाचं गाणं यिद्दिशमध्ये गायलं. अमेरिकेत परतल्यावर मात्र रशियात ज्यूंचा छळ होतोय हे त्याने नाकारलं. १२ ऑगस्ट १९५२ ला फेफरला गोळ्या घातल्या. त्याच वर्षी रॉबसनला स्टालिन शांतता पुरस्कार जाहीर झाला, आणि त्याने तो घेतला. अमेरिकेतल्या शत्रूंच्या हाती कोलीत द्यायचं नव्हतं हे समजू शकतं, पण ज्याच्यासाठी गायचं त्याच्यासाठी बोलायचं नाही, हे पचायला जड जातं.

भारतात त्याचे चाहते कमी नव्हते. कोलंबिया विद्यापीठात शिकताना भूपेन हजारिका त्याला भेटले होते. ‘गंगा बहती हो क्यों’ तुम्ही ऐकलंच असेल, त्याची प्रेरणा ‘ओल्ड मॅन रिव्हर’च. १९५८ मध्ये रॉबसनची साठी भारतात साजरी झाली तेव्हा समितीचे प्रमुख होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला. नेहरूंनीही जाहीर पाठिंबा दिला. अमेरिकी अधिकाऱ्यांना हे अजिबात रुचलं नाही.

जून १९५८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने दुसऱ्याच एका खटल्यात सांगितलं की, विचारांमुळे पासपोर्ट नाकारता येणार नाही. रॉबसन मोकळा झाला. तो त्याच वर्षी वेल्सला गेला, या वेळी प्रत्यक्ष. १९६० मध्ये सिडनीचं ऑपेरा हाऊस अजून बांधकामातच होतं, तिथे मजुरांच्या मधे उभा राहून गायला. पण शरीर आणि मन दोन्ही थकली होती. १९६१ मध्ये मॉस्कोत त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला, नंतर बरीच वर्षं उपचारांत गेली. शेवटची वर्षं फिलाडेल्फियात बहिणीच्या घरी काढली.

२३ जानेवारी १९७६ ला तो गेला. अंत्यसंस्कार झाले हार्लेममध्ये, त्याचा भाऊ जिथे पाद्री होता त्याच चर्चमध्ये. त्या दिवशी पाऊस पडत होता, तरी हजारो लोक आले होते. कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं ते थेट १९९५ मध्ये.