रामशास्त्री प्रभुणे आणि एक कागद

कुणी शब्द फिरवला की आपण चटकन 'ध'चा 'मा' केला म्हणतो आणि आनंदीबाईंचे नाव घेतो. पण त्या खुनाचा तपास ज्यांनी केला त्या रामशास्त्र्यांची आपली ओळख बहुधा 'प्रभात'च्या १९४४ सालच्या बोलपटापुरतीच असते. म्हणून यंदा भगिनींसाठी त्यांच्याविषयी लिहीत आहे.

शास्त्रीबुवा साताऱ्याजवळच्या माहुलीचे. लहानपणी शिक्षण झाले नाही. साताऱ्यास एका सावकाराकडे ते शागिर्द होते. तेथे अपमान झाला म्हणून विशीच्या सुमारास काशीस जाऊन शिकले, असे सांगतात. थोर वयात पाटी धरणे सोपे नव्हे! १७५१ साली ते पेशव्यांच्या पदरी आले आणि १७५९ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले. घरात दिवसापुरता शिधा असावा, त्याहून अधिक नसावा, अशी त्यांची राहणी. एकदा त्यांच्या पत्नीला वाड्यातून दागिने घालून पालखीने पाठविले, तेव्हा ही बाई आमच्या घरची नव्हे म्हणून त्यांनी दारच लावून घेतले, अशी गोष्ट आहे. त्या माउलीला दारात उभे राहून काय वाटले असेल, ते मात्र कुणी सांगत नाही.

३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणपतीच्या दिवसांत, शनिवारवाड्यात गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना मारले. गादीवर चुलते राघोबादादा बसले. रामशास्त्री त्यांचेच नोकर, तरी सुमारे सहा आठवडे त्यांनी चौकशी केली. त्या काळी रक्ताची तपासणी नव्हती, बोटांचे ठसे नव्हते. ठशांची कचेरी कलकत्त्यास निघाली ती १८९७ मध्ये. माणसांना विचारावे, कागद पाहावे, एवढेच साधन. तेवढ्यावर त्यांनी सुमारे पन्नास माणसे दोषी ठरविली आणि सर्वांत वर खुद्द दादासाहेबांचे नाव ठेवले.

आता कागदाचे. साताऱ्यास राहिलेल्या ग्रँट डफ साहेबाने १८२६ साली इतिहास छापला. त्यात आहे की पुतण्याला धरण्याची आज्ञा दिली एवढे दादासाहेबांनी कबूल केले; मूळ कागद रामशास्त्र्यांच्या हाती आला, तेव्हा त्यात 'धरावे'चे 'मारावे' केलेले आढळले. आणि हा फेरफार आनंदीबाईंनी केला, अशी सर्वांची समजूत होती. भगिनींनो, समजूत!

आज असा कागद तज्ज्ञापुढे ठेवला तर तो आधी शाई पाहील. डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या दोन शाया विशेष किरणांखाली निराळ्या दिसू शकतात. खरवडलेल्या जागी कागद पातळ होतो, उजेडासमोर धरला की कळते. अशा जाणत्याचे मत न्यायालयात घेण्याची सोय १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होती. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू झाला, त्यातही ती आहे. आपल्या चेंबूरपासून जवळच, कालिन्याला, सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळा आहे. रक्त, विष यांची तपासणी तेथे होते. पण अक्षर बदलले हे कळणे निराळे आणि कुणाच्या हाताने बदलले हे कळणे निराळे. त्यासाठी त्या माणसाचे दुसरे लिखाण शेजारी ठेवून ताडावे लागते, आणि एका अक्षरावरून हात ओळखणे फार कठीण. तो कागद आज आपल्यापुढे नाही, तरी गल्लीत भांडण झाले की एखादीला आनंदीबाई ठरवायला आपल्याला पुरावा लागत नाही.

दादासाहेबांनी प्रायश्चित्त विचारले, तेव्हा प्राण देण्यावाचून दुसरे नाही, असे शास्त्रीबुवांनी तोंडावर सांगितले आणि त्यांच्या राज्यात राहणार नाही म्हणून पुणे सोडले. वाईजवळच्या एका खेड्यात ते जाऊन राहिले. पुढे बारभाईंचा कारभार आल्यावर त्यांना परत बोलावले व न्यायाधीशाची जागा दिली. १७८९ मध्ये ते वारले. आनंदीबाई त्यानंतर पाच वर्षांनी, १७९४ मध्ये गेल्या.