माइक टॉड आणि त्यांच्या नावाची कंपनी

चित्रपट संपल्यावर पडद्यावर जी नामावळी सरकते ती वाचण्यास आपल्यापैकी फारसे कोणी थांबत नाही. ती वेळ चपला शोधण्याची आणि मुलांना आवरण्याची. या नामावळीच्या तळाशी, ध्वनीचे काम कोठे झाले हे सांगणाऱ्या ओळीत, अमेरिकन चित्रपटांत अनेक वर्षे ‘टॉड-एओ’ हे नाव येत असे. नावाचा पूर्वार्ध ज्या गृहस्थांचा, ते १९५८ सालीच निवर्तले, आणि त्यांची सारी धडपड चालली होती ती डोळ्यांना दिपवण्यासाठी, कानांसाठी नव्हे. तरीही त्यांचे नाव टिकले ते ध्वनीच्या धंद्यात. हे कसे घडले ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून आम्ही हे अल्प चरित्र लिहावयास घेतले आहे.

टॉड यांचे मूळ नाव ॲव्हरम हिर्श गोल्डबोगेन. पोलंडहून अमेरिकेत आलेल्या एका ज्यू धर्मोपदेशकाच्या गरीब कुटुंबात, मिनीॲपोलिस येथे त्यांचा जन्म झाला. पुढे कुटुंब शिकागोस गेले. शाळेत त्यांचे मन रमले नाही. ऐन तारुण्यात त्यांनी बांधकामाचा धंदा काढला, भरभराटीस आणला आणि बुडविलाही. १९२७ नंतर बोलपटांचे युग सुरू झाले, तेव्हा हॉलिवूडमधील चित्रणगृहांना एका नव्याच संकटाने घेरले. बाहेरचा गलबला आत आला की मुद्रण वाया जाई. या चित्रणगृहांच्या भिंती ध्वनिरोधक करण्याचे कंत्राट तरुण टॉड यांनी घेतले. ध्वनीशी त्यांचा पहिला संबंध आला तो असा, आवाज बाहेर ठेवण्याच्या कामी!

त्यानंतर ते रंगभूमीकडे वळले. १९३३ च्या शिकागो प्रदर्शनात त्यांनी ज्वालानृत्याचा एक खेळ लावला. त्याचे वर्णन घराघरांत वाचल्या जाणाऱ्या या अंकात करणे बरे दिसणार नाही, एवढेच म्हणतो. न्यूयॉर्कमध्ये १९३९ साली ‘हॉट मिकाडो’ हे संगीत नाटक त्यांनी आणले. पैसा आला, परंतु घोड्यांच्या शर्यती आणि पत्ते यांनी तो राहू दिला नाही, आणि १९४७ साली त्यांना दिवाळखोरी पत्करावी लागली. हा दोष झाकून ठेवण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. कर्जात बुडालेल्या माणसानेही पुढच्या खेळाची जाहिरात पहिल्याहून मोठी करावी, हा त्यांचा स्वभावच होता.

१९५२ साली न्यूयॉर्कमध्ये ‘सिनेरामा’ प्रथम दाखविला गेला. तीन प्रक्षेपक तीन फिती एकाच विशाल पडद्यावर शेजारी शेजारी दाखवीत, आणि त्या जेथे जुळत तेथे सांधे स्पष्ट दिसत. टॉड या उपक्रमात होते, परंतु हे सांधे त्यांच्या डोळ्यांत सलत. एकाच भिंगातून तेवढेच भव्य चित्र पडले पाहिजे, असा ध्यास घेऊन ते डॉ. ब्रायन ओब्रायन या प्रकाशशास्त्रज्ञाकडे गेले. ओब्रायन अमेरिकन ऑप्टिकल कंपनीत आले होते. ‘एओ’ ही अक्षरे त्या कंपनीचीच. भिंगे घडविण्याचे खरे श्रेय ओब्रायन यांचे व त्यांच्या सहकाऱ्यांचे, हे आम्ही आवर्जून नमूद करतो. टॉड यांना भिंगातले काही कळत नव्हते.

या पद्धतीत चित्रण ६५ मिलिमीटर फितीवर होई, आणि दाखवावयाची प्रत ७० मिलिमीटर रुंद असे. नेहमीची फीत ३५ मिलिमीटरची. चित्रे सेकंदास २४ ऐवजी ३० धावत, त्यामुळे हालचाल अधिक स्थिर दिसे. प्रतीची जादा ५ मिलिमीटर रुंदी कशासाठी? ध्वनीसाठी. फितीच्या कडांवर चुंबकीय लेपाच्या पट्ट्या असत आणि त्यांवर सहा वेगवेगळे ध्वनिमार्ग मुद्रित होत. पाच पडद्यामागील पाच ध्वनिक्षेपकांना, सहावा प्रेक्षागृहात. पात्र डावीकडून उजवीकडे चालले की त्याचा आवाजही चाले. आपल्याकडे ज्यांनी १९७५ साली ‘शोले’ मुंबईच्या मिनर्व्हात पाहिला, त्यांना सहा मार्गांच्या ध्वनीची थोरवी निराळी सांगावयास नको.

१९५५ साली ‘ओक्लाहोमा!’ या पद्धतीने निघाला. पुढल्याच वर्षी टॉड यांनी स्वतः ज्यूल व्हर्नच्या कादंबरीवरून ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ काढला. त्यातील फिलियस फॉग मुंबईस उतरतो, हत्ती विकत घेतो व सती जाणाऱ्या राजकन्येस सोडवितो, हे कादंबरीच्या वाचकांस ठाऊक आहेच. पैसे वारंवार संपत आले, पण टॉड यांनी हात आखडला नाही. या चित्रपटास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक लाभले. १९५७ सालीच अभिनेत्री एलिझाबेथ टेलर यांच्याशी त्यांचा विवाह झाला व त्यांना कन्यारत्न झाले.

२२ मार्च १९५८ रोजी स्वतःच्या सत्कारास न्यूयॉर्ककडे जात असता त्यांचे विमान न्यू मेक्सिको संस्थानात कोसळले आणि चौघेही मृत्युमुखी पडले. सर्दीमुळे मागे राहिल्याने एलिझाबेथ टेलर वाचल्या.

कर्ता पुरुष गेला की पेढी मोडते, असे आपण पुष्कळदा पाहतो. येथे निराळे झाले. फ्रेड हाइन्स यांच्या हाताखालील ध्वनिविभाग नेटाने काम करीत राहिला. संवाद, संगीत आणि पावलांपासून पावसापर्यंतचे इतर आवाज निरनिराळ्या फितींवर असतात. अंधाऱ्या खोलीत चित्र पुन्हा पुन्हा पाहत त्यांचे प्रमाण जुळवावयाचे, हे ते काम. संवाद बुडता कामा नये आणि संगीत गुदमरता कामा नये. ‘ओक्लाहोमा!’, ‘साउथ पॅसिफिक’, ‘द ॲलामो’, ‘वेस्ट साइड स्टोरी’ आणि ‘द साउंड ऑफ म्युझिक’ अशा पाच चित्रपटांच्या ध्वनीसाठी हाइन्स यांना ऑस्कर मिळाले. त्यांपैकी पहिले ऑस्कर मिळाले तेव्हाच तेवढे टॉड हयात होते.

मोठ्या फितीवरील चित्रण खर्चाचे म्हणून मागे पडले, आणि भिंगासाठी जन्मलेली कंपनी मिश्रणावर जगू लागली. १९८६ साली ‘ग्लेन ग्लेन साउंड’ ही जुनी ध्वनिसंस्था तिच्यात विलीन झाली. ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणी मालिकेचा ध्वनी याच ग्लेन ग्लेनचा. अखेरीस २०१४ साली, टॉड-साउंडेलक्स या नावाने चाललेली ही पेढी दिवाळखोरीत निघाली आणि तिची मिश्रणगृहे बंद झाली. तोपर्यंत तिच्या संस्थापकास जाऊन ५६ वर्षे लोटली होती.